अण्णांना शिकवलेला ठेका

अण्णा, तुमच्या कानांच्या तपासणीचा कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे. 'दोन्ही कान नॉर्मल' असं त्यावर लिहिलंय. नऊ वर्षांत मी तो पुन्हा कुणाला दाखवला नाही आणि फाडलाही नाही. हे सगळं आधी वहीत कच्चं लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले, आणि आता पक्कं उतरवतोय.

तुम्ही चाकणच्या कंपनीत पत्र्याच्या प्रेसवर होतात आणि मी बारावी नापास होऊन निघोज्यातल्या एका बंद गाळ्यात ड्रम बडवत होतो. गुरुवारी तुमची सुट्टी, त्याच दिवशी आमची प्रॅक्टिस. मित्राच्या मेमरी कार्डातून पंक माझ्यापर्यंत आलं होतं: दोन मिनिटांची गाणी, तीनच कॉर्ड, गळा फाटेस्तोवर ओरडणं. ज्याला नीट येत नाही त्यानंही वाजवावं, असं सांगणारं दुसरं काही तोवर मला भेटलं नव्हतं. एकदा तुम्ही शटरखालून वाकून आत आलात, उभ्यानं पूर्ण गाणं ऐकलंत आणि म्हणालात, "गाणं हाय का भांडण, लेकरा? आमच्या प्रेसला तरी मधी चहाची सुट्टी असती." पोरं हसली. मी आठवडाभर तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही सगळं नीट ऐकलंत, असंच मला तेव्हा वाटलं होतं.

मग एका संध्याकाळी तुम्हीच स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर बसलात. "तपासणीची गाडी यायलीय सोमवारी. कानात शिट्टी वाजली की बटण दाबायचं. पहिल्या मोठ्या ऐकू येत्यात. बारीक झाल्या की काईच न्हाई." गेल्या खेपेला कसंबसं निभावलं होतं. यंदा नापास झालात तर प्रेसवरून काढणार, आणि ठेकेदाराच्या माणसाला दुसरीकडे कुणी जागा देत नाही. "शिट्टी देणारा पोरगा एका चालीत देतोय. तू गाण्याआधी चार मोजतूस ना, तसं शिकीव मला."

मी तुम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवतो. माझ्या हातात चमचा, पुढ्यात पिठाचा डबा. तुमच्या हातात बटण म्हणून बॉलपेन. ठोका पडला की पेनचा खटका. आधी जोरात, मग हळू, आणखी हळू, मग चमचा नुसता हवेत. "आवाज गेला तरी चाल आत चालू ठेवायची," मी तुमच्यासमोर येऊन सांगतो.

"म्हंजी ऐकू न येता वाजवायचं?"

"हो."

"मग तुमचं पंक मला येतंय की!"

भाकरी थापता थापता आई म्हणते, "एक बहिरा, एक येडा. चांगली जोडी जमली." तुम्ही मला विचारता, "काय म्हणाली?" आणि आम्ही मायलेक हसत सुटतो.

तुम्ही पास झालात. कागदाबरोबर जिलेबीही आणलीत. तिसऱ्या महिन्यात कंपनीच्या आवारात, रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टखाली सापडलात. मागे येताना तिचा भोंगा एका चालीत वाजतो. तो वाजत होता, असं सगळ्यांनी सांगितलं. दवाखान्याच्या दारात सुपरवायझरनं मला गाठलं. "भावा, अण्णांना कमी ऐकू येत होतं का?" मी म्हणालो, "नाही. टेस्ट पास आहेत," आणि कागद दाखवला. आई शेजारीच उभी होती. त्या कागदाबद्दल ती अजूनही बोललेली नाही.

मी अजून वाजवतो. गाणं सुरू करायला ड्रमरनं काठ्या चार वेळा एकमेकींवर आपटायच्या असतात. मी आपटत नाही, मान हलवतो. पोरांना ती माझी स्टाइल वाटते.

हे टाकायला पत्ता नाही, म्हणून त्याच फाइलमध्ये, त्या कागदाच्या मागे ठेवतोय. एक सांगायचं राहिलं. तपासणीच्या आदल्या दिवशी मी चार ठोके दिले आणि तुम्हाला न सांगता चमचा खाली ठेवला. तुम्ही खटका दाबत राहिलात. आईनं मागून दोनदा हाक मारली, तुम्ही वळला नाहीत. तुम्हाला किती कमी ऐकू येतंय, ते मला तेव्हाच पुरतं कळलं. मी घाबरायला हवं होतं, अण्णा. पण तुमचा ठेका माझ्यापेक्षा पक्का होता, आणि मला इतका आनंद झाला, की मी तुम्हाला थांबवलं नाही.