दम खाणारी गाडी

दवनीवाडा,
गुरुवार, ता. २ ऑक्टोबर २००८

सकाळी ढग होते, मग ऊन पडलं. चहा घेऊन मोटारसायकल काढली. फाट्याजवळ बंद पडली. परत आणली, जेवलो. दुपारी पुन्हा काढली आणि बोदलकसा तलावापर्यंत जाऊन आलो. गांधी जयंतीमुळे पोस्ट बंद आहे, पत्र उद्या टाकीन.

चि. लोकेंद्र यास भाऊजींचे आशीर्वाद.

तू, सूनबाई आणि आई भिलाईत खुशाल असाल असं धरून चालतो. आईंचा गुडघा कसा आहे ते कळवावं. (तू कळवशील ते फोनवर. फोनवर तू बोलतोस आणि मी हो म्हणतो, म्हणून हे पत्र.) माझी तब्येत बरी आहे. जेवण वेळेवर होतं, झोप लागते. आमच्या नीतूनं सासरहून तुला याहून वेगळं काही सांगितलं असेल तर तेही खोटं नाही, पण ती मुलगी आहे, बाप खुर्चीवर बसलेला दिसला की तिला बरं वाटतं, आणि मला सध्या खुर्चीवर बसवत नाही. बसलो की वाटतं, काहीतरी उघडं राहिलं आहे. पाटबंधारे खात्यात असताना कालव्याचं गेट उघडं राहिलं की काय अशा शंकेनं मी लग्नाच्या पंगतीतून उठून गेलेलो आहे, तसंच. आता गेट माझं नाही आणि कालवाही नाही, तरी उठतो. उठल्यावर हाताला गाडी लागते.

तर गाडीविषयी. पोळ्याच्या फोनवर तू ठरवलंस की दसऱ्यानंतरच्या रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतो, तोवर भाऊजींनी गाडी न थांबता चालेल अशी करून ठेवावी. मी हो म्हणालो. एकट्या माणसाला एवढी जड गाडी कशाला, कुठे पडलात झडलात तर उचलायला कोण आहे, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. (गाडी पडली तर मलाही ती उचलता येणार नाही, हेही बरोबर.) पण हीच गाडी तू भिलाईच्या त्या निवृत्त फोरमनकडून आमच्यासाठी आणलीस तेव्हा म्हणाला होतास, भाऊजी, ही लांब पल्ल्याची गाडी आहे, हिला जवळ चालवाल तर रुसेल. पुढे काच, मागे दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या, सीट एवढं लांब की त्यावर माणूस झोपावा. फोरमनसाहेब तिच्यावर जगन्नाथपुरी करून आले होते. आमच्याकडे आल्यापासून तिनं तिरोडासुद्धा एका दमात पाहिलं नाही.

तुझ्या ताईचा बेत तुला माहीत आहे. (दुर्गेश्वरी असं लिहायला गेलो की हात अडतो, म्हणून तुझी ताईच लिहितो.) तिला धारला जायचं होतं. आपले पूर्वज माळव्यातून आले, मग आपण एकदा तिकडे जाऊन बघू नये का, हे तिचं म्हणणं. आगगाडीनं चल म्हटलं तर म्हणायची, ते लोक काय आगगाडीनं आले होते? ते बैलगाड्या घेऊन, लेकरंबाळं, बी-बियाणं घेऊन माळव्यातून इथवर पोचले, आणि आम्ही मोटारसायकलवर उलट निघालो तर आमचा माळवा तिरोड्याच्या अलीकडे, मोहाच्या झाडाजवळच्या मोरीवर संपायचा. तिथे गाडी दोनदा आचके देऊन थांबायची. मी उतरायचो, टाकीचं झाकण उघडून आत पेट्रोल आहे का बघायचो. पेट्रोल असायचं. झाकण लावायचो. तुझी ताई तोवर मोरीच्या कठड्यावर बसलेली असायची आणि म्हणायची, "दम खाऊ द्या तिले." थोड्या वेळानं गाडी पहिल्या किकला सुरू व्हायची. त्यामुळे दुरुस्तीला नेण्याचं काम मी पुढे ढकलत गेलो. सुरू होणाऱ्या गाडीला बिघडलेली कसं म्हणणार? तुझ्या ताईनं त्या मोरीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलून दोन लग्नं जुळवली, एक मोडलेलं जुळवून दिलं. गाडी न थांबणारी असती तर ती घरं आज वसली नसती.

(मध्ये उठलो होतो. गाडीची किल्ली खिशात आहे की नाही ते बघायला. खिशातच होती.)

आखाडात ती गेल्यावर, तू सांगितलंस म्हणून, मी गाडी नीट तपासायला घेतली. आधी बॅटरी, कारण ब्रेक दाबला की हॉर्न वाजत होता. हे एका परीनं सोयीचं होतं, पण तेरवीच्या निमंत्रणाला फिरताना बरं दिसलं नव्हतं. वायर कुठेतरी सोलली होती, ती सापडली. मग हवेचा फिल्टर उघडला. आत उंदरानं धान साठवलं होतं, आणि तेही बारीक, वासाचं चिन्नोर. घरात जाडा तांदूळही आहे, त्याला तोंड लावलं नव्हतं. फिल्टर धुतला, वाळवला, लावला. गाडी मोरीजवळ थांबली. प्लग काढला, काळा होता, घासला. गाडी मोरीजवळ थांबली. एक गोष्ट मात्र लक्षात आली की टाकी काठोकाठ भरली तर ती मोरीच्याही आधी थांबते आणि पेट्रोल कमी असलं तर थोडी पुढे जाते. कालव्याच्या पाण्यावर नोकरी संपवलेल्या माणसाला यावरून काहीतरी सुचायला पाहिजे होतं. मला एवढंच सुचलं की हिला पोटभर जेवण मानवत नाही, आणि मी तिला अर्धपोटी ठेवू लागलो.

शेवटी गोंदियाला छोटेलाल मिस्त्रीकडे न्यायचं ठरलं. गाडी स्वतःच्या पायानं गोंदियाला पोचेल याची खात्री नव्हती, म्हणून शेजारच्या बकारामनं तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली. ट्रॉलीत ती अजिबात थांबली नाही. छोटेलालनं कार्बोरेटर खोलला, पॉइंट बदलले, कॉइल बदलली आणि गाडी बाजारातून फिरवून आणली. प्रत्येक फेरीआधी तो झाकण उघडून पेट्रोल बघत होता. गाडी सुरेख चालली. मी म्हणालो, आमच्या रस्त्यावर थांबते. तो हात पुसत म्हणाला, "चाचाजी, गाड़ी तो मक्खन चल रही है. आपके गाँव की हवा में ही कुछ होगा." परत येताना मी गाडीवर बसलो आणि बकाराम ट्रॉली घेऊन मागून आला. ती दोनदा थांबल्यावर मी कंटाळलो आणि अर्ध्या रस्त्यापासून गाडी पुन्हा ट्रॉलीत होती. बकारामनं वाटेत एवढंच विचारलं की गाडी पेट्रोलवर चालते का ट्रॅक्टरच्या डिझेलवर.

आता आजचं. सकाळी फाट्याजवळ, मोरीपाशी, ती थांबली. मी उतरलो आणि सवयीनं झाकण उघडलं. तेव्हा टाकीतून आवाज आला. सुस्स, असा. बाहेरून हवा आत ओढली गेली. मी झाकण हातात घेऊन तसाच उभा राहिलो. लोकेंद्र, एवढी वर्षं मी तिथेच तेच झाकण उघडतो आहे आणि हा आवाज कधी ऐकला नाही, कारण गाडी थांबली रे थांबली की तुझी ताई बोलायला लागायची.

मग सगळं समजलं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यावी लागते, नाहीतर उतरणं बंद होतं आणि गाडी थांबते. झाकण उघडलं की हवा मिळते, गाडी सुरू होते. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, म्हणून आधी थांबायची. आमच्या गाडीचं भोक झाकणाच्या मधोमध, एका खोलगट जागेत आहे, आणि ती जागा भरलेली होती. कशानं, हे तुला सांगायची गरज नसावी. तुझी ताई दर दसऱ्याला गाडीला टिळा लावायची. हँडलला हार, चाकाखाली लिंबू आणि टिळा टाकीच्या झाकणावर, कारण तिच्या मते ते गाडीचं कपाळ होतं. पहिल्या वर्षी साधं कुंकू लावलं, ते पहिल्याच धुण्यात गेलं. ते तिला पटलं नाही. लांबच्या गाडीचा टिळा धारपर्यंत टिकला पाहिजे म्हणून पुढच्या दसऱ्यापासून ती तांदळाची पिठी आणि हळद-कुंकू जवसाच्या तेलात कालवून लावायची. सुतार खिडकीची काच बसवायला जवसाच्या तेलातच लांबी मळतो, हे तुला ठाऊक असेल. टिळा टिकला. दर दसऱ्याला त्यावर नवा थर बसला. धारपर्यंत टिकावा म्हणून लावलेल्या टिळ्यानं आम्हाला तिरोड्याच्या पुढे जाऊ दिलं नाही.

(पुन्हा उठलो होतो. आता बसलो.)

गाडी घरी आणली. जेवलो. मग खुरपी घेतली आणि ठेवून दिली. पाना घेतला, तोही ठेवून दिला. झाकण उलटं करून आतल्या बाजूनं बारीक तार घातली आणि हळूहळू फिरवत टिळ्यातून आरपार नेली. जवसाच्या तेलाचा जुना वास आला. टिळा तसाच आहे, मध्ये फक्त एक भोक आहे, लांबून दिसत नाही.

दुपारी टाकी भरून निघालो. मोरी आली आणि गेली. तिरोडा आलं आणि गेलं. गाडी अशी पळत होती की मला तिच्याबद्दल तक्रार करायला जागा उरली नाही. बोदलकसाला पोचलो. पोचल्यावर काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं, कारण पोचण्याचा प्रश्न कधी आला नव्हता. पाणी भरपूर आहे. सांडव्यावरून किती चाललं आहे ते सवयीनं डोळ्यांनी मोजलं, कोणाला सांगायचं नसल्यामुळे विसरलो, आणि परत निघालो. गाडीनं वाटेत कुठेही दम खाल्ला नाही. मोरी पुन्हा समोर आली तेव्हा मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. उतरलो. कठड्यावर बसलो. आपल्या मनानं मी एका जागी एवढा वेळ बसलो ते आखाडानंतर आजच.

तेवढ्यात बकाराम ट्रॅक्टर घेऊन आला. मला बघून तो आधी दोर काढायला लागला, कारण त्याला सवय आहे.

"काऊन जी भाऊ, पुन्हा बंद पडली का?"

"नाही. मीच बंद केली."

"कायले?"

मी म्हणालो, "दम खाऊन राहिली."

त्यानं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दोर परत ठेवला आणि माझ्याशेजारी येऊन बसला. मग तो म्हणाला, "वैनी असती त आतावरी माया पोराचं लगन जोडून मोकडी झाली असती." मी हो म्हणालो. मग त्यानं मला त्याच्या पोराचं वय आणि शिक्षण सांगितलं. माझ्या ओळखीत मुलगी नव्हती, पण ऐकून घेतलं.

असं सगळं आहे. तू सांगितलेलं काम झालं आहे. आईंना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
केवलराम भाऊजी

ता. क. गिऱ्हाइकाला आणू नकोस. काम झालं असं वर लिहिलं आहे, पण गाडीत अजून एक दोष निघाला. मोहाच्या झाडाजवळ ती अजूनही थांबते. असली गाडी माहीत असताना दुसऱ्याच्या गळ्यात मारणं बरं नाही.

ता. क. २. आईंना एक विचारायचं आहे. घरात यंदा सण नाही, घट बसला नाही, दसराही होणार नाही, हे मला मान्य आहे. पण गाडीला वर्ष पाळावं लागतं का? बकाराम म्हणतो, गाडीचं गोत्र नाही, तिला काय? पण तो गाडीच्या बाबतीत माझ्याच बाजूनं बोलतो, म्हणून आईंचं मत पाहिजे. चालत असेल तर तेलात पिठी किती घालायची तेही विचार. तुझी ताई अंदाजानं घालायची आणि मी त्या वेळी बघत नसे. या खेपेला टिळा भोकाच्या थोडा वर लावीन.

ता. क. ३. मुख्य लिहायचं राहिलं. दिवाळीनंतर धान कापून झालं की धारला जायचं म्हणतो. तुला सुट्टी मिळाली तर ये आणि मागे बस. गाडी मी चालवीन, ते मला जमतं. थांबल्यावर बोलायला कोणीतरी पाहिजे.

जवसाचं तेल डब्याच्या तळाशी थोडं आहे, पुरेल. गाडी पडवीत घेतली, पेट्रोलचा कॉक बंद केला, आणि आता पिठीसाठी मूठभर तांदूळ निवडून भिजत घालतो आहे.