पापुद्र्याखालचं तूप

२२ एप्रिल, औसा

आज सासूबाईंवर ओरडले. ओरडले तर ओरडले.

दीड महिना झाला, काटा एकाहत्तरवर अडकलाय. आधी सहा किलो भराभर उतरलं, मग काय झालं? भात सोडला, साखर सोडली, रोज तासभर चालते, टँकरच्या घागरी आणते ते वेगळंच. तरी एकाहत्तर! डॉक्टरांनी चारचौघांत विचारलं, "चोरून खाता का?" वजन हललं नाही तर शुगरची गोळी सुरू. घरी येऊन मी आणखी अर्धी भाकरी कमी केली.

माझी भाकरी ज्यात गुंडाळलेली असते त्या डब्यातल्या फडक्यावर रोज तुपकट डाग असायचा. भाकरी आमटीत कुस्करून खाते, चव कुठली कळायला? डागाचं मला वाटायचं, जुनाच असेल, फडकं धुवायला पाणीच कुठंय?

मी टँकरच्या रांगेत असते तेव्हा सासूबाई भाकरी थापतात. आज टँकर आलाच नाही. लवकर परतले, तर त्या माझ्या भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप चोपडत होत्या. अगदी कडेपर्यंत.

"हे किती दिवस चाललंय?"

"गाल बसले तुझे. अर्धी भाकर सोडलीस तवापासून जरा जास्तीच लावते. दुष्काळात सुनेला उपाशी ठेवली म्हनतील लोकं."

लोकं! गोळी काय लोकं गिळणार?

तुपाचं भांडं हिसकावलं. तळाला बोटभर उरलेलं. म्हैस तर कधीच विकली. आणि त्यांच्या स्वतःच्या फडक्यात भाकरी कोरडी ठाक. डाग नाही. राग त्याचाच जास्त आला.

उद्यापासून भाकरी मीच थापणार. पहिली त्यांची, पापुद्र्याखाली तूप घालून. बघतेच कशा खात नाहीत ते.