खुर्ची खुणेवर ठेवत जा

आई,

तुम्ही देवळातून यायच्या आत मला तळवड्याची कंपनीची बस गाठायची आहे, म्हणून ही चिठ्ठी. भाकरी डब्यात आहेत.

तुमच्या लेकाने स्पीकरला जोडलेली ती काळी डबी म्हणजे छोटा कॉम्प्युटर आहे. कुठलं गाणं कधी लावलं, याची तो यादी ठेवतो. आज मी ती पाहिली. रोज अकरा ते साडेबारा लावण्या. यादी पुसून टाकली आहे, घाबरू नका.

फक्त त्यांची गाणी ऐकायची खुर्ची फरशीवरच्या चिकटपट्टीच्या खुणेवर परत ठेवत जा. दोन्ही स्पीकरपासून सारखं अंतर ते टेपने मोजून बसतात. परवा ती वीतभर सरकलेली दिसली, तेव्हा मी झाडू मारल्याचं सांगितलं. लावणी बसून ऐकवत नाही, हे मला कळतं.

आणि संध्याकाळी 'बंद कर ते डबडं, डोकं उठलंय माजं' हे चालू ठेवा. तुम्हाला आवडतंय असं कळलं तर आणखी मोठे स्पीकर येतील, मग हॉलमध्ये पाय टाकायला जागा उरणार नाही.

गुरुवारी मला सुट्टी आहे आणि त्यांची नेहमीसारखी पहिली शिफ्ट. त्या दिवशी खुर्ची दोघी मिळून उचलू.

उत्कर्षा