डाव्या पायाची शिकवणी

आपा, माझा डावा घोटा मोडला होता, हे तुम्हाला सांगावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गाडीचं काही झालं की आधी तुम्हीच आठवता. शाळेच्या पायरीवरून घसरले. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, पण टेकवलेला पाय मला माझा वाटेचना. मंद्रूपच्या शाळेत नोकरीला मी रोज स्वतः गाडी चालवत जायचे, ते तुम्ही गाडी शिकवलीत म्हणून. घरात सगळ्यांचं एकच, "आता क्लच नसलेली गाडी घेऊ, पायाला त्रास कशाला?" मायेनंच म्हणत होते, पण ऐकताना माझ्या हातातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं व्हायचं.

लेकीच्या खोलीत तिचा रेसिंगचा खेळ आहे. टेबलाला घट्ट बसवलेलं स्टिअरिंग, बाजूला गिअरचा दांडा, खाली तीन पेडल आणि समोर मोठा स्क्रीन. घोट्याचे व्यायाम मी टाळतेय हे बघून एका दुपारी ती म्हणाली, "आई, इथं बस. हाच व्यायाम समज की." मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि पाय थरथरून एकदम सुटला. स्क्रीनवरची गाडी आचका देऊन बंद पडली, बाकीच्या भुर्रकन गेल्या. पुन्हा तेच. "ऑटो क्लच लावून देते, मग पाय लागणारच नाही," लेक म्हणाली. मी नको म्हटलं, जरा जोरातच.

मग रेल्वेपुलाचा चढ आठवला. मी नव्यानं लग्न होऊन आलेली, तुम्ही बायकांसाठी चालवायचात त्या ड्रायव्हिंग क्लासमधली सगळ्यात भित्री. तुमच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच होते, आणि मी त्यांच्याच भरवशावर गाडी चालवायची. तुम्ही ते ओळखलं असणार. ऐन चढावर तुम्ही गाडी थांबवायला लावता, मागं उसाचा ट्रक हॉर्न वाजवतोय, मला घाम फुटलाय, आणि तुम्ही चपला काढून दोन्ही पाय वर घेता, सीटवर चक्क मांडी घालता. "आपा, पाय खाली ठेवा ना," मी रडकुंडीला आलेली. "न्हाय ठेवणार. गाडी तुझी हाय आता, मी पाव्हणी. पाय सावकाश उचल. इंजिनचा आवाज जड झाला की तितंच थांब." आवाज जड होतो. मी थांबते, हँडब्रेक सोडते. गाडी मागं येत नाही. जागच्या जागी थरथरते आणि मग पुढं सरकते. पूल उतरल्यावर तुम्ही मांडी मोडलीत आणि हळूच म्हणालात, "मला बी भ्या वाटलं गं, लई."

खेळातल्या गाडीला ती थरथर नाही, खुर्ची हलत नाही. म्हणून मी हेडफोन लावले, टाच जमिनीला टेकवली आणि डोळे मिटून नुसतं ऐकत पाय उचलला. आवाज जड झाला. तिथंच थांबले. गाडी निघाली आणि लेकीनं टाळ्या वाजवल्या. मग रोज बसायला लागले. वळणाआधी खालचा गिअर कसा घ्यायचा ते तिनं शिकवलं: उजव्या पायानं ब्रेक दाबलेला ठेवायचा, डाव्यानं क्लच, आणि ब्रेकवरच्याच पायाच्या कडेनं अॅक्सिलरेटरला टिचकी मारायची, म्हणजे गिअर बसताना गाडी हिसका देत नाही. हे तुम्ही शिकवलं नव्हतं. तुम्हाला दाखवता आलं असतं तर! "सरक तिकडं" म्हणून मला उठवून तुम्हीच बसला असतात.

परवा मंद्रूपला एकटी गाडी घेऊन गेले. संध्याकाळी घोटा थोडा सुजला, पण क्लच एकदाही सुटला नाही. घरी क्लच नसलेल्या गाडीचं नाव आता कुणी काढत नाही.

हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून साड्यांखाली ठेवून देणार आहे. आणि एक. पाय बरा झालाय, तरी लेक ऑफिसात असताना मी तो खेळ लावतेच. व्यायाम म्हणून नाही. काल शेवटच्या वळणावर पुढच्या गाडीला मुद्दाम धक्का देऊन कडेला घातलं आणि पुढं निघाले. तुम्ही असतात तर चावीच काढून घेतली असतीत. पण लई मजा आली, आपा.