ड्रॉइंग बरोबर होतं, अण्णा

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग धरून बसतेस, असं आई म्हणते. पण मला आज राग आलाय आणि तो तुमच्यावरच काढायचाय. तुम्ही असतात तर समोर बसून भांडले असते. तुम्ही चष्मा पुसत "झालं तुझं?" म्हणाला असतात आणि मी आणखी पेटले असते.

चिकलठाण्याच्या त्या शेडचं काम मला नीट आठवतं, कारण तुमचा ड्रॉइंग बोर्ड स्वयंपाकघरात खिडकीपाशी असायचा आणि मी दहावीचा अभ्यास तिथंच करायचे. त्या दिवशी कॉन्ट्रॅक्टर घरी आला होता. तुम्ही जिथं कॉलमच्या पायाचं फुटिंग दाखवलं होतं, नेमका तिथंच खोदताना जुना पाइप निघाला होता. आई चहा गाळतीय, कॉन्ट्रॅक्टर कप हातात धरून तसाच उभाय, म्हणतोय, "साहेब, येक डाव येऊन बघा ना. मी माझ्या मनानं सरकवलं अन् वर चुकलं तर?" तुम्ही बोर्डावरची मान वर करत नाही. ड्रॉइंग माझं, साइट तुमची, एवढंच म्हणता. तुमच्या शिस्तीत ते बसत होतं. आपण कागद द्यायचा, त्यानं बांधायचं, मधल्या जागेत कुणी पाय ठेवायचा नाही. स्कूटरवर चिकलठाणा किती लांब होतं हो? शेवटी त्यानं आपल्या अकलेनं फुटिंग सरकवलं. लोखंडी कॉलम उभा करताना खालचे बोल्ट जुळेनात, ओढाताण झाली, कॉलम आडवा झाला आणि एका कामगाराचा पाय गुडघ्याखाली कायमचा गेला.

त्याची बायको आपल्या घरी आली तेव्हा दार मी उघडलं होतं. भांडायला नव्हती आली बिचारी. साहेबांनी कंपनीत शब्द टाकावा, नवऱ्याला बसून करायचं काहीतरी काम मिळावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. तुम्ही आतूनच म्हणालात, "माझं ड्रॉइंग बरोबर होतं." अहो, ड्रॉइंग म्हणजे काय हे तरी त्या बाईला माहीत होतं का? रात्री जेवताना मी विचारलं, एकदा गेला असतात तर काय बिघडलं असतं? तुम्ही घास खाली ठेवून मला सुनावलंत, "इंजिनिअर व्हायचं असेल तर आपलं काम कुठं संपतं ते आधी शीक." उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळी खड्ड्यात पडली की उंट सरळच चालत होता म्हणायचं! तुमचं काम संपलं तिथं त्या माणसाचा पाय होता. आईनं मला गप्प बस म्हणून खुणावलं आणि भाजी वाढली.

म्हणून मी मुद्दाम असल्या कंपनीत शिरले, जिथं डिझाइन करणारे आणि बांधणारे एकाच छताखाली बसतात. कारखानदारानं एकदाच सांगायचं, मला एवढी शेड वाढवून द्या. पुढं डिझाइन आमचं, बांधकाम आमचं आणि बोंब झालीच तर तीही आमचीच. वरच्या शेडचं ड्रॉइंग अजून टेबलावर असतं तोवर खाली पाया भरून होतो. तुम्हाला ऐकूनच घाम फुटला असता. मला मात्र वाटायचं, तुमची ती मधली जागा मी कायमची बुजवून टाकली.

सध्या आमचं काम चितेगावला चालू आहे. जुना कारखाना चालू ठेवून त्याला लागून नवी शेड. आमचे साइट मॅनेजर खुलताबादकडचे, माझ्याहून वयानं मोठे, लई शांत माणूस. परवा मी गाडी चालवत होते तेव्हा त्यांचा फोन आला. "मॅडम, क्रेनला जागा पुरंना. खड्डा जुन्या भिंतीकडं जरा सरकून घेऊ का?" मी म्हणाले, घ्या. इतकंच. ड्रॉइंग उघडलं नाही, जाऊन बघितलं नाही, जुन्या भिंतीचा पाया किती उथळ आहे हे आठवलंही नाही. आपलाच माणूस, आपलंच काम, कशाला कागद नाचवायचे? त्याच दिवशी त्या पायाखालची काळी माती सुटली आणि जुनी भिंत वरपासून खालपर्यंत चिरली. भिंतीच्या पलीकडं बायका पॅकिंग करत होत्या. त्यांना वेळेत बाहेर काढलं, कुणाला खरचटलंही नाही, पण ते माझं कर्तृत्व नव्हे.

आणि संताप येतो तो याचा, की तुम्ही फोनवर असं "घ्या" कधीच म्हणाला नसतात. मेलं तरी म्हणाला नसतात.

काल कारखान्याच्या मालकांसमोर मीटिंग होती. आत जायच्या आधी आमच्या डायरेक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, तुमच्या ड्रॉइंगमध्ये खड्डा तिथं नाहीच, तेवढंच बोला, बाकीचं मी बघतो." बाकीचं म्हणजे साइट मॅनेजरांची नोकरी, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. अण्णा, तुमचं ते वाक्य कुणीतरी माझ्या हातात आयतं आणून ठेवलं होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं! मालकांनी विचारलं, खड्डा तिकडं घ्यायला कुणी सांगितलं? मी पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात ते साइट मॅनेजर खाली बघत म्हणाले, "कुणी नाय साहेब. माझ्याच मनानं घेतला."

मग मी बोलले. फोन आला होता, मी घ्या म्हणाले, चूक माझी, असं सगळ्यांसमोर सांगितलं. डायरेक्टर माझ्याकडं बघायचे थांबले. चितेगावचं काम आजपासून माझ्याकडं नाही, साइट मॅनेजर मात्र आहेत. आईला सांगितलं तर म्हणाली, तुझ्या वडिलांना हे जमलं नसतं. मी मान डोलावली आणि तिच्याकडून कौतुक करून घेतलं.

हे लिहून कुठं पाठवायचंय म्हणा. पण आईला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलला तेव्हा मी लगेच तोंड उघडलं नाही. मला आधी हायसं वाटलं. लाज मागून आली.