समोरच्या घरातली आई

४ मार्च

आई आज पुन्हा समोरच्या घरात सापडली. पुन्हा! इथली सगळी घरं एका साच्यातली — तेच फाटक, तोच पिवळट रंग. धडधाकट माणूसही चुकेल, आणि आईला तर वर्षभर काही धड आठवत नाही. समोरच्या बाई तिला हाताला धरून घेऊन आल्या. असू द्या हो, छान बसल्या होत्या, म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला चांगलंच झापलं. उद्यापासून कुलूप!

६ मार्च

दुपारी या वसाहतीत आवाज म्हणून नाही. शिलाई मशीन थांबवलं की आपलाच श्वास ऐकू येतो. रस्त्यावर चिटपाखरू नसतं, पण खिडक्यांचे पडदे हलतात. पडदे शिवूनच पोट भरते मी, मला ते बरोब्बर दिसतं.

९ मार्च

कुलूप मी स्वतः लावलं होतं. मागच्या दाराची किल्ली पिठाच्या डब्यात लपवलेली, ती अजूनही डब्यातच आहे. तरी आई समोर!

बाईंच्या स्वयंपाकघरात बसून मटार सोलत होती. इथे तिच्या हातात चमचा द्यावा लागतो, आणि तिथे बोटं भराभर चाललेली. मला पाहिलं आणि थांबली. अंगावर राखाडी शाल होती. बाईंच्या आईची — ती दोन वर्षांपूर्वी गेली. माझं डोकंच फिरलं. शाल काढून फेकली, आईला दंडाला धरून आणलं. लोकांना काय, लांबून माया करायला सोपं असतं. इथे चोवीस तास मी आहे.

१३ मार्च

पेपरवाला म्हणाला, समोरच्या बाईंच्या आईंची तब्येत सुधारली वाटतं, बागेत फिरत होत्या. अरे, त्या तर कधीच गेल्या, ही माझी आई आहे! तो ओशाळं हसला आणि सायकलवर बसला. विश्वास बसला नसावा.

१४ मार्च

आईने मला विचारलं, "तुम्ही कोण?"

१७ मार्च

बाई आल्या होत्या. चार दिवस राहू द्या माझ्याकडे, तुम्हालाही जरा आराम. मी हो म्हटलं. थकलेय. खरंच थकलेय.

निघताना बाई म्हणाल्या, "चला आई." इतकं सहज, की आई मागे न बघता निघाली, आणि मलाही काही खटकलं नाही.

२२ मार्च

आणायला गेले. दार आईनेच उघडलं. गाल भरलेत. केस नीट विंचरलेले, तीच शाल. "कोण हवंय?" मी नाव सांगितलं. तिने आत बघून बाईंना हाक मारली, आणि दार हळूच लागलं.

परत येताना दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतले पडदे हलले. मला भीती वाटतेय — उद्या ही सगळी माणसं म्हणतील की मी इथे एकटीच राहायला आले होते. काही नाही, सकाळी भावाला बोलावते. आईला उचलून आणायची वेळ आली तरी आणीन!

२३ मार्च

भावाला फोन लावणार, तेवढ्यात आई फाटकाशी. एकटी. आत आली नाही. "ठमे," म्हणाली. लहानपणी हीच हाक मारायची मला! मी धावले. मिठी मारायला गेले तर तिने अलगद माझे हात खाली केले.

"मी काही विसरलेले नाही गं. कधीच नव्हते. न्यायला येऊ नकोस."

मग दोन्हीकडे नीट बघून तिने रस्ता ओलांडला.