अप्पांना ऐकू न आलेली हाक

६ जानेवारी
आज ठाकुर्लीला मुक्काम हलवला. नौपाड्यातून निघताना आई म्हणाली, डॉक्टरांचे झाले, बिल्डरांचे झाले, आता बाबालोकांचे गौरवग्रंथ लिही. तिला कोण सांगणार, हे बाबा नव्हेत, अप्पा आहेत. गुणाजीअप्पा. पूर्वी पाणीखात्यात होते. लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते सांगायचं, हे त्यांचं काम. एकदा जिथे नळच नव्हता तिथे त्यांना काहीतरी ऐकू आलं. त्यांनी नोकरी सोडली आणि धर्म काढला. देवाला आपलं ऐकवायचं नाही, आपण त्याचं ऐकायचं, एवढाच धर्म. मूर्ती नाही, आरती नाही. संध्याकाळी सगळे तळमजल्यावरच्या हॉलमध्ये फरशीला कान लावून पडतात. आजूबाजूचे त्यांना कानवाले म्हणतात.

मला त्याच इमारतीत खोली दिलीय. शेजारी शालनमावशी, मूळच्या कुडाळकडच्या. आल्या आल्या त्यांनी घावणे आणि नारळाचा रस पुढे केला. मधुमेह असूनही गोड रस वाटीभर स्वतःच संपवला आणि वर इन्सुलिन कशासाठी घेते म्हणून मलाच डोळा मारला. मला त्या फार आवडल्या.

१५ जानेवारी
अप्पा म्हणजे चरित्रकाराची सत्त्वपरीक्षा. उजव्या कानात कापूस, कारण तो कान माणसांवर वाया घालवायचा नसतो. बोलायचं ते डाव्या बाजूने. मोबाइल पिठाच्या डब्यात. काय ऐकू येतं विचारलं, तर म्हणाले, घरघर. शब्द? शब्द नाहीत. बायको काविळीने गेली, तेव्हा काही ऐकलंत? काही नाही, औषध आणायला गेलेलो.

असल्या उत्तरांवर पुस्तक उभं कसं राहायचं? मी थोडं तिखटमीठ लावलं. अप्पांच्या पत्नी जाण्याआधी फरशीतून त्यांच्या नावाची हाक आली, 'आले' म्हणून त्या हसत उठल्या आणि सुखाने गेल्या, असा परिच्छेद लिहिला. छान उतरलाय.

२२ जानेवारी
इथली रीत अशी की प्रत्येक अध्याय हॉलमध्ये मोठ्याने वाचायचा. मी वाचला. माणसं रडली. अप्पा माझ्याकडे बघत राहिले, आता माझी चोरी पकडतात असं वाटलं, पण त्यांनी नुसता कानातला कापूस सारखा केला. नंतर शालनमावशींनी सांगितलं की पंथाचा कडक नियम एकच आहे, कानावरून गेलेलं परत घेता येत नाही. जरा ओशाळले. खरं सांगायचं तर सुखावलेही.

३ फेब्रुवारी
पंथातले कुंडलिककाका गेले. फरशीतून त्यांना त्यांचं नाव ऐकू आलं म्हणे. सुनेकडे किल्ल्या दिल्या, हॉलमध्ये जाऊन पडले, ते उठलेच नाहीत. वय झालं होतं. बोलाफुलाला गाठ पडली, असं मी दिवसभर स्वतःला समजावतेय.

हॉलमध्ये कुणी रडलं नाही. सगळे त्यांच्या भाग्याबद्दल बोलत होते, आणि माझ्या वाक्यांत बोलत होते. शब्द न् शब्द माझा.

९ फेब्रुवारी
मावशींना हाक आली. त्यांनी इन्सुलिन बंद केलंय. मी हातापाया पडले, ते सगळं मी मनाने रचलं म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. 'हाक मारल्यार जावक नको काय गो?' एवढंच म्हणाल्या.

कोपरहून त्यांच्या भाच्याला, प्रशांतला, बोलावून घेतलं. त्याला चहा पाजून त्यांनी परत पाठवला.

११ फेब्रुवारी
हॉलमध्ये उभी राहिले. म्हटलं, मी खोटं लिहिलं, अप्पांनी कधी एक शब्दही ऐकलेला नाही. कुणी रागावलं नाही. अप्पांनी कानातला कापूस काढला. खरं आहे, म्हणाले, तेव्हा ऐकला नव्हता. आता ऐकतो. बाईचा आवाज आहे.

हिने तो माझ्या आधी ऐकला, एवढाच फरक, असं माझ्याकडे बोट करून ते सगळ्यांना समजावत होते. मग एकेक जण पुढे आला आणि माझ्या पाया पडला. मी पाय ओढून घेतले तरी —

१२ फेब्रुवारी
मावशींना बसवत नाही. श्वास जोरात चाललाय. डॉक्टर आले, त्यांना हात लावू देत नाहीत. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही, मी. एका छान परिच्छेदासाठी.

१३ फेब्रुवारी, दुपार
अँब्युलन्स निघालीय म्हणतात. मावशी फरशीला कान लावून पडल्यात. उठवत नाहीत मला. जड झाल्यात.

खाली काही नाही, हे त्यांना सांगायचं म्हणून मीही कान लावला. घरघर होती. नुसती घरघर. मग —

माझा आवाज. हॉलमध्ये वाचतानाचा, तसाच सावकाश. पण परिच्छेद नाही. नुसतं नाव. शालन. शालन.

डाव्या हाताने तोंड दाबून धरलंय. उजव्याने लिहितेय. ओठ मिटलेले आहेत, मी बोलत नाहीये, मी —

थांबत नाही.

मावशी हसल्या. उठायला बघतायत. नको म्हणायचंय, पण हात काढला आणि तोंडातून तेच नाव आलं तर —

म्हणाल्या, इलंय गो बाय, इल